ओइवाचा कोपरा

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीतली राख मेर्वी पत्र्याच्या बादलीत भरत होती तेव्हा आई मागे दारात येऊन उभी राहिली. अंगात चर्चला घालायचा काळा कोट होता, पायांत मात्र लोकरीचे जाड बूट. हातातल्या कापडी पिशवीत थडग्यावर लावतात ती मेणबत्ती होती, वर जाळीचं झाकण असलेली, वाऱ्यात न विझणारी.

"अजून राखच नेतेस?" आई म्हणाली.

"मग काय न्यायचं?"

"नाही, आपलं विचारलं. तुझा बाबा एव्हाना तळ्यावर फांद्या न्यायला लागलेला असायचा. मार्चमधला मारियाचा सण झाला की राख बंद. मग त्या शेडमागच्या स्प्रूसच्या खालच्या फांद्या तोडायचा आणि गाडीत कोंबायचा. सगळी गाडी वासाने भरून जायची. मला वाटायचं, वासासाठीच नेतो."

एवढं बोलून आई हातमोजे शोधायला घरात गेली. मेर्वी फावडं हातात धरून तशीच ओणवी राहिली. मग ती सरळ झाली आणि तिने अंगणाकडे पाहिलं.

घरापासून सौनापर्यंतच्या वाटेवर ती हिवाळाभर राखच टाकत आली होती, आईचा पाय घसरू नये म्हणून. वाटेच्या दोन्ही बाजूंना अजून गुडघाभर हिम होतं, स्वच्छ, कडक, उन्हात चमचमणारं. वाटेवर मात्र काळी माती उघडी पडली होती. कुणी खोदली नव्हती. एप्रिलचं ऊन आणि राख, दोघांनी मिळून ती वाट जमिनीपर्यंत खाल्ली होती.

ती वाट ती रोज तुडवत होती. आज पहिल्यांदा तिने ती पाहिली.

ऑक्टोबरात बाबा गेले तेव्हा मेर्वी हेलसिंकीत होती. पुढे जानेवारीत रजा काढून ती आईजवळ राहायला आली. घरात करण्यासारखं फार नव्हतं. आई कमी बोलायची, आणि बोलली तर विणकामाविषयी. रविवार आला की मात्र घर गप्प गप्प होऊन जाई, कारण आजवरचे सगळे हिवाळी रविवार बाबा हाउकीलांपी तळ्यावर असत. तळं गोठलं की गावातली मंडळी त्यावर ट्रॅक साफ करत आणि रिमोटच्या गाड्या पळवत. सशाएवढ्या गाड्या, चाकांना आतून बाहेर काढलेले खिळे, बर्फावर लागल्या की मागे पांढरा धुरळा उडवत जाणाऱ्या. बाबांनी शर्यती फारशा जिंकल्या नाहीत. पण मार्शल म्हणून त्यांना तोड नव्हती. एक फेरी पळवायची आणि पुढच्या फेरीला वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या, हा तिथला रिवाज. बाबा नेहमी एकाच वळणावर उभे राहत. पल्याडच्या, बोरूच्या झुडपांजवळच्या. तिथे दुसऱ्या कुणाला ते उभं राहू देत नसत. लोक त्याला बाबांच्या नावाने ओइवाचा कोपरा म्हणत.

बाकीचे मार्शल बुटांना खिळे लावत. बाबांना ते पटत नसे. त्या खिळ्यांनी ट्रॅक ओरखडतो, म्हणत. ते घरून राख नेत आणि पायाखाली टाकत. मेर्वीला लहानपणची ती बादली आठवत होती, म्हणून शेडमध्ये सापडल्यावर तिने ती उचलली आणि जानेवारीतल्या एका रविवारी तळ्यावर घेऊन गेली. लोकांनी तिला येताना पाहिलं आणि बोलणं थांबवलं. बाबांच्या जुन्या दोस्ताने, ताउनोकाकांनी, टोपी काढली. त्या दिवशी तिला कित्येक आठवड्यांनंतर भूक लागली होती. मग तिने एकही रविवार चुकवला नाही. बाबा मूठ मूठ टाकत असतील. ती बादली रिकामी करत असे. कमी टाकलं तर कमी आठवण काढल्यासारखं वाटे.

तिने आज भरलेली बादली तिथेच सौनाच्या दाराशी ठेवली.

तळ्याकडे जाताना आईने रिमोटच्या गाडीची बॅटरी मागून घेतली आणि कोटाच्या आत पोटाशी धरली. गारठ्यात बॅटरी मरगळते, म्हणून हिवाळ्यात ती अंगाच्या उबेत न्यावी लागते. बाबा आईला अंड्यावर बसलेली कोंबडी म्हणायचे. आज कुणीच काही म्हणालं नाही. मागच्या सीटवर बाबांची गाडी होती, पिवळी, रंग उडालेली. बाबा तिला म्हातारी म्हणत. दुकानातले प्लॅस्टिकचे भाग कडाक्याच्या थंडीत काडीसारखे मोडतात, म्हणून बाबांनी आईचा भाजी चिरायचा जाड पांढरा पाट कापून तिचे चाकं धरणारे पाय बनवले होते. रेडिओची डबी वाढदिवसाच्या फुग्यात घालून तोंड बांधलं होतं. पाण्यात बुडवली तरी चालेल, असं ते पाहुण्यांना सांगत, आणि आई म्हणायची की पाटाचं काय ते सांग आधी.

"आई, बाबा राख का बंद करायचे?"

"सांगितलं ना, वासासाठी."

"तू विचारलं होतंस कधी?"

आईने खिडकीबाहेर बघत मान हलवली. "तो तळ्यावर काय करतो ते मी विचारत नसे. मी काय विणते ते तो विचारत नसे. छान चाललं होतं."

मग ती आपणहून म्हणाली, "आज मेणबत्ती मी लावणार आहे. तो उभा राहायचा तिथे. क्लबच्या यार्मोला सांगून ठेवलंय. सगळे येणार आहेत माझ्याबरोबर."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. आज त्याच्या नावाची फेरी आहे ना. तू म्हातारीला एकटीला पळवायचीस, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं. यार्मोने सुचवलं. चांगला मुलगा आहे तो. शाळेत तुझ्या मागे होता ना?"

मेर्वीला अंगणातली उघडी पडलेली वाट आठवली. तिने गाडी हळू केली, का ते आईला कळलं नाही.

रात्री हलकंसं हिम पडून गेलं होतं. हाउकीलांपी कडेपासून कडेपर्यंत पांढरंशुभ्र दिसत होतं. ट्रॅक्टरने फक्त ट्रॅकचा पट्टा झाडला होता. तो निळसर काळा पट्टा वळणं घेत पार पलीकडे बोरूपर्यंत जाऊन परत येत होता. वळणांच्या आतली, मार्शल उभे राहतात ती जागा झाडायची गरज कुणाला वाटली नव्हती. काठावर ट्रेलर लावला होता, त्यावर चढून गाड्या पळवायच्या. खाली शेगडीवर सॉसेज चरचरत होते, कॉफीच्या टाकीभोवती गर्दी होती. उन्हाने लोकांनी जॅकेटं उघडली होती. वर्षातली शेवटची शर्यत, त्यामुळे बायकामुलंही आलेली.

एक गोष्ट मेर्वीला उतरताक्षणी जाणवली. तळं गप्प होतं. जानेवारीत ते सारखं बोलत असे. खोलवर कुठेतरी दार आपटल्यासारखं, मग या काठापासून त्या काठापर्यंत तार ओढल्यासारखं. नवखे दचकत, जुने हसत. आज काहीच नव्हतं. गाड्यांच्या मोटारींचा किणकिणाट तेवढा होता, आणि तो थांबला की त्याच्या मागे काहीच उरत नव्हतं.

यार्मो मायक्रोफोनच्या वायरीचा गुंता सोडवत होता. क्लबचा अध्यक्ष तोच. मेर्वी सरळ त्याच्याकडे गेली.

"यार्मो, बर्फ बघितलास?"

"सकाळीच. गिरमिटाने भोक पाडून." त्याने हाताने माप दाखवलं. "साठ सेंटिमीटर. एप्रिलमध्ये अजून काय हवं?"

"कुठे पाडलंस?"

"इथे, सुरुवातीच्या रेषेवर."

"पल्याडच्या कोपऱ्यात पाडून बघ ना एकदा. ओढा मिळतो तिथे."

"ओढा तुझ्या आजोबांच्या वेळेपासून तिथेच मिळतो, बये." तो हसला. "ट्रॅक्टर फिरलाय सकाळी तिथून. तू काय हेलसिंकीहून ट्रॅक्टरपेक्षा जड होऊन आलीस?"

"ट्रॅक्टर ट्रॅकवरून गेला. कोपऱ्याच्या आत नाही गेला."

"मग?"

इथे तिला सांगायचं होतं. शब्द तयार होते: राख मी टाकली, बादल्याच्या बादल्या, ऊन वाढल्यावरही टाकत राहिले. एवढंच तर होतं. पण शेगडीपाशी उभ्या असलेल्या दोन बायकांनी तिच्याकडे बघून मान लववली, तशी त्या हिवाळाभर लववत आल्या होत्या. ओइवाची पोर, बापाची बादली घेऊन येते. त्या बादलीवर ती गेले तीन महिने उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि ती एवढंच म्हणाली, "तिथे मला बरोबर वाटत नाहीये."

यार्मोचं हसू मावळलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातावरूनच तिला कळलं की आता ती काहीही म्हणाली तरी ते दुःखाच्या खात्यात जमा होणार.

"आज तुला जड जाणारच," तो हळू आवाजात म्हणाला. "जरा कॉफी घे. गिरमिटाची बॅटरी मेली आहे नाहीतर केलं असतं. तुझ्यासाठी केलं असतं."

ताउनोकाका तिला काठाशी भेटले. बाबांबरोबर जन्मभर जंगलात लाकूड तोडलेला माणूस, बुटका, वाळक्या मुळासारखा. करवतींनी त्यांचे कान केव्हाच नेले होते, आणि तरी त्यावर ते सवयीने मोठे लाल कर्णबंद घालत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून तोंड हलवावं लागे. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आज बापाच्या जागी कोणी उभं राहिलेलं नाही," ते मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं. "मी अलीकडच्या वळणावर आहे. ती जागा त्याची. तुझी आई आधी जाईल, मग आम्ही."

मेर्वी तोंड नीट हलवून म्हणाली, "काका, तिथला बर्फ चांगला नाही."

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि मान डोलावली. "हो, हो. चांगला होता. फार चांगला माणूस होता."

मग पुढच्या फेरीची हाक झाली आणि ते आपल्या वळणावर निघून गेले. ते बाबांइतकेच पक्के मार्शल. एकदा उन्हाळ्यात कुणाच्या तरी बारशाला बोलता बोलता उठून त्यांनी गवतात उलटी पडलेली पोरांची खेळण्यातली गाडी सरळ करून ठेवली होती आणि परत येऊन तेच वाक्य पुढे चालू केलं होतं. बाबा ते वर्षानुवर्षं सांगून हसत. गाडी थांबलेली दिसली की या माणसांचे पाय निघतात. डोकं मागून येतं.

मेर्वी आईकडे गेली. आई बायकांमध्ये बसली होती, हातात कॉफी, पिशवी मांडीवर.

"आई, मेणबत्ती इथेच लाव. काठावर."

"काठावर तो कधी उभा राहिला?"

"तिथे ओलं आहे. तुझे बूट लोकरीचे आहेत."

"सुकतील," आई म्हणाली. मग तिने मेर्वीकडे वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं दमलेपण होतं. "मी त्याला दवाखान्यात शेवटचं पाहिलं, मेर्वी. नळ्यांमध्ये. ती जागा माझी नाही, त्याचीही नाही. आज मला तो जिथे खरा होता तिथे जाऊन उभं राहायचंय. थोडाच वेळ."

मेर्वीने तळ्यापलीकडे, बोरूकडे पाहिलं.

म्हणून ती स्वतःच बघायला निघाली. ट्रॅकच्या कडेकडेने, झाडलेल्या बर्फावरून. डाव्या बाजूने गाड्या किणकिणत येत आणि तिच्या घोट्यांवर बर्फाचा चुरा उडवून जात. बोरू जवळ आले तशी ती थांबली. कोपऱ्याच्या आत हिम सपाट होतं, एकही पाऊल न पडलेलं. आजूबाजूचं हिम उन्हात चमचमत होतं. ती जागा चमकत नव्हती. मोठ्या खोलीएवढी जागा, किंचित करडी. कागदावर तेलाचा डाग खालून वर येतो तशी. आणि मधोमध ती थोडी खाली बसलेली होती, कुणीतरी रात्रभर त्यावर झोपून उठून गेल्यासारखी.

"ट्रॅकवर कोण आहे? मेर्वी, बाजूला हो," काठावरच्या भोंग्यातून यार्मोचा आवाज आला. "सहा गाड्या येतायत, घोटे फोडतील तुझे."

लोक हसले. ती परत आली. तिने यार्मोला सांगितलं की तिथे खालून पाणी येतंय. यार्मो म्हणाला की एप्रिलमध्ये बर्फावर पाणी असतंच, वर पाणी आणि खाली दगड, तुझ्या बाबांनीच मला शिकवलंय हे. तेही खरंच होतं. सगळ्या तळ्यावर ते खरं होतं, त्या एका जागेखेरीज. बाबा तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसत ते हौसेने नव्हे, हे तिला आता कळत होतं. खालून ओढा, म्हणून एका वेळी एकच माणूस. तेही मूठभर राखेवर, आणि ऊन चढलं की राख बंद करून फांद्यांवर. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते स्वतः तिथे असत.

मग भोंग्यातून बाबांचं नाव आलं.

यार्मोने चार वाक्यं म्हटली, आणि चारही साधी होती. माणसं उठली. शेगडी झाकली गेली. पोरांना टोप्या घातल्या गेल्या. आई पिशवी घेऊन पुढे झाली आणि तिच्यामागे ओळीओळीने सगळे ट्रॅकवरून चालू लागले. काळे कोट, लाल जॅकेटं, कडेवरची पोरं. यार्मोने मायक्रोफोन ट्रेलरच्या कठड्याला टांगला, मेर्वीला म्हणाला की आम्ही तिथे पोचलो की हात करतो, मग सोड गाडी, सावकाश एक फेरी. आणि तो धावत जाऊन ओळीत मिसळला.

ट्रेलरवर मेर्वी एकटी उरली. म्हातारी खाली रेषेवर उभी होती, पोटात आईच्या उबेतली बॅटरी.

ओळ निम्म्यावर गेली होती. आई सर्वांत पुढे, कुणाचा हात न धरता. अलीकडच्या वळणावर ताउनोकाका उभे, त्यांच्याजवळून जाणाऱ्यांसाठी टोपी काढून. तिथून कोपरा हाकेच्या अंतरावर होता.

यार्मोच्या हाताची वाट न बघता मेर्वीने रिमोटचा घोडा ओढला.

म्हातारी सुटली. तिच्या खिळ्यांचा आवाज ऐकून लोक वळून बघायला लागले, मग कडेला सरले. आईच्या बाजूने गाडी पिवळ्या रेघेसारखी निघून गेली. कुणीतरी हसून म्हणालं असेल की हिला धीर नाही, बापावर गेली. मेर्वीने गाडी पल्याडच्या वळणावर नेली आणि वळवली नाही. ती सरळ आत गेली, त्या करड्या जागेवर. हिम फुटलं. खाली काचेसारखा पापुद्रा होता, तोही फुटला, आणि त्याखाली दगड नव्हता. राखेने काळं झालेलं पाणी आणि त्यात उभ्या उभ्या सुट्या झालेल्या बर्फाच्या सुया. गाडी पोटापर्यंत रुतून तिथे थांबली. लांबूनही तो काळा रंग दिसला.

तिला वाटलं होतं की एवढं दिसलं की पुरे. लोक पाहतील, थांबतील, समजतील.

ओळ थांबली. पण ताउनोकाका निघाले.

गाडी थांबली होती आणि ते मार्शल होते. ते धावत नव्हते, मार्शल धावत नाहीत, लांब टांगा टाकत येतात. त्यांची नजर गाडीवर होती. एक हात आधीच पुढे झाला होता, उचलण्यासाठी.

मेर्वीने मायक्रोफोन ओढून तोंडाशी धरला.

"थांबा. सगळे थांबा. आई, मागे हो. तिथे बर्फ नाही. राख मी टाकली, सगळा हिवाळा मी टाकली, ती बर्फ खाऊन गेली आहे. काकांना थांबवा."

तिचा आवाज तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या झाडांना लागून परत आला. ओळीतली माणसं जिथल्या तिथे थिजली. यार्मोने दोन्ही हात पसरून पोरांना मागे ढकललं. आई उभी राहिली. ताउनोकाकांच्या कानांवर लाल कर्णबंद होते, आणि ते नसते तरी फरक पडला नसता. यार्मो त्यांच्या मागे धावायला लागला आणि मध्येच थबकला, कारण एकाच्या मागे दुसरा गेला तर काय होईल ते त्याला त्या क्षणी कळलं होतं.

काकांचं पहिलं पाऊल करड्या जागेवर पडलं. त्यांच्या बुटाभोवती पाणी आलं. त्यांनी खाली पाहिलं नाही. समोर पिवळी गाडी दिसत होती ना.

दिसत होती, म्हणून ते जात होते.

मेर्वीने मायक्रोफोन सोडून दिला. दोन्ही हातांत रिमोट धरला आणि घोडा पूर्ण आत ओढला.

म्हातारी जिवंत होती. फुग्यातली डबी कोरडी होती, पोटात ऊब होती. चारी चाकं एकदम फिरली आणि खिळ्यांनी त्या सुट्या सुया उकरायला सुरुवात केली. काळं पाणी, राख, बर्फाचे तुकडे कारंज्यासारखे उडाले. गाडी पुढे गेली नाही. ती खाली गेली. नाक आधी, मग ते पांढरे पाय, पाटाचे. काका दोन टांगांवर होते. मेर्वीने चाकं डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, बोट सोडलं नाही. पिवळी पाठ क्षणभर पाण्याच्या पातळीवर राहिली, गळून पडलेल्या पानासारखी. मग तिच्यावरून पाणी मिटलं.

काका थांबले.

हात तसाच पुढे होता. उचलायला काही उरलं नव्हतं. त्यांनी बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग, गाडी नाही हे पटल्यावर, पहिल्यांदा आपल्या पायांकडे पाहिलं. पाणी घोट्यांच्या वर होतं.

त्यांनी वळण्याची चूक केली नाही. जन्मभर त्यांनी तळी ओलांडली होती. ते हळूहळू गुडघ्यांवर आले, मग पोटावर, हातपाय पसरून, कुणाला तरी मिठी मारल्यासारखे. आणि तसेच मागे सरकू लागले.  एक मूल रडायला लागलं, त्याच्या तोंडावर कुणीतरी हातमोजा ठेवला. काकांच्या खालचा बर्फ श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता. त्यांचे बूट ट्रॅकच्या कडेला लागले तेव्हा यार्मोने आडवं पडून त्यांचा घोटा धरला आणि ओढलं.

ते ट्रॅकवर येऊन बसले, पुढून सगळे भिजलेले, आणि त्यांनी सवयीने एक हात वर केला. गाडी बाद, असं सांगायला मार्शल करतात तसा.

त्यानंतर ती जागा गेली. आवाज झाला नाही. कडेला एक रेघ उमटली, सबंध गोल झाली, आणि आतला करडा भाग एका बाजूने कलला, जसा टेबलावरचा कागद वाऱ्याने एका कोपऱ्याने कलतो. मग तो सुया सुया होऊन पसरला. तिथे काळं पाणी होतं, हलणारं, कारण खालून ओढा वाहत होता. सगळे उभे राहिले असते एवढी जागा. आई अजून त्या ओळीच्या पुढे उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि पाणी तिच्यापासून फार दूर नव्हतं. ती वळून ट्रेलरकडे पाहत होती.

माणसं परत आली ती एकेकटी, अंतर ठेवून, पाय घासत. कुणी काठावर आल्यावर लगेच बसलं. काकांना कुणाच्या तरी गाडीत नेऊन कोरडे कपडे दिले.  मेर्वीकडे बघून आता कुणी मान लववली नाही. शेगडीपाशी उभ्या असलेल्या त्या दोन बायका आपापल्या पोरांच्या टोप्यांच्या गाठी पुन्हा पुन्हा बांधत होत्या. मेर्वी ट्रेलरवरच होती. तिचं बोट घोड्यावर दाबलेलंच होतं. कुणाला ऐकू जात नव्हतं तरी ती तळाशी गेलेल्या म्हातारीला पुढे जा म्हणून सांगत होती.

यार्मो शिडी चढून वर आला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"राखेचं सकाळीच बोलली असतीस," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी ऐकलं असतं का ते माहीत नाही."

तिने मान हलवली.

"बंद कर आता तो."

रिमोटवर हिरवा दिवा जळत होता. गाडी आधी बंद करायची, रिमोट नंतर. क्लबमध्ये आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि तिला बाबांनी हे सात-आठ वर्षांची असताना शिकवलं होतं. गाडीचं बटण तळ्याच्या तळाशी होतं.

"गाडी चालू आहे," मेर्वी म्हणाली.

यार्मो काहीतरी बोलणार होता, पण आई शिडीशी आली होती. तिने खालूनच हात वर केला, रिमोट मागण्यासाठी नाही, आधारासाठी. मेर्वीने तिला वर ओढून घेतलं. आईचे लोकरीचे बूट ओले होते. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, पलीकडच्या काळ्या पाण्याकडे बघत, आणि बॅटरी उतरून रिमोटचा दिवा आपोआप मंद होईपर्यंत दोघींपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.